१३२ कवितांची फाईल आणि पाच महिन्यांचं मौन

जून २०२३च्या शेवटच्या आठवड्यात चोपडा तालुक्यातून एक कुरिअर आलं. स्पायरल बाइंडिंगची जाडजूड फाईल, १६४ पानं, वर झेरॉक्सच्या दुकानात लावतात तसं पारदर्शक प्लॅस्टिक आणि पहिल्या पानावर चिकटवलेला पासपोर्ट फोटो. पाठवणाऱ्या ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. तेव्हा वय ४१, कविता लिहायला लागून वीस वर्षं झालेली, पुस्तक एकही नाही.

आम्ही धुळ्यातून कवितेचं एक छोटं प्रकाशन चालवतो. तिघं आहोत, तिघांच्याही नोकऱ्या आहेत. मी कॉलेजात मराठी शिकवतो. वर्षाला चार पुस्तकं होतात, प्रत्येकी ३०० प्रती. कवीकडून एक रुपयाही घ्यायचा नाही हा नियम पहिल्या पुस्तकापासून पाळला आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच या प्रकरणात जे झालं ते मनाला फार लागलं. ताईंच्या परवानगीनं, त्यांचं नाव-गाव न सांगता, ते सविस्तर लिहितो आहे. पहिलं हस्तलिखित पाठवून वाट बघत बसलेल्या कवींना आणि आमच्यासारख्या छोट्या प्रकाशकांना त्यातून काही हाती लागावं एवढीच इच्छा.

फाईलमध्ये काय होतं

कवितांच्या आधी बावीस पानं होती. अर्पणपत्रिका, मनोगत, ऋणनिर्देश, सरपंचांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सहा जणांचे शुभेच्छा संदेश आणि एका निवृत्त प्राध्यापकांची नऊ पानी प्रस्तावना. पत्र तेवढं नव्हतं. मी कोण, या कविता कशाच्या आहेत, तुमच्याकडं का पाठवते आहे, आणखी कुठं पाठवल्या आहेत का, हे सांगणाऱ्या दहा ओळी कुठंच नव्हत्या. पुढं कळलं की फाईल एकाच वेळी तीन ठिकाणी गेली होती. त्यात काही गैर नाही. पाच-पाच महिने उत्तर येत नसेल तर कवीनं एकाच दारात का बसून राहावं? फक्त तसं कळवावं, म्हणजे वाचणाऱ्यालाही आपली गती ठरवता येते.

मग १३२ कविता, लिहिल्याच्या तारखेप्रमाणं लावलेल्या. सावित्रीबाई जयंती, शिवजयंती, मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ, करोना, पाऊस, लेक वाचवा, पुन्हा पाऊस. अकरा गझला, बहुतेकींत काफिया, म्हणजे यमक, नीट सांभाळलेला पण वृत्त मध्येच सुटलेलं. तीसेक पानं वाचून आमच्यातल्या एकानं फाईल बाजूला ठेवली आणि वर पेन्सिलनं लिहिलं, 'सावकाश बघू.' त्याला एकट्याला दोष देत नाही. महिन्याला आठ-दहा फायली येतात आणि बहुतेक अशाच सुरू होतात.

९३व्या पानापासून मात्र फाईल बदलत होती. ९३ ते ११८ या पानांत एकोणीस कविता: आईच्या, कापसाच्या, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आणि परत जायच्या दिवशी गप्प झालेल्या बायकांच्या. काही मराठीत, काही अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, काहींत दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या. त्यातली एक अशी सुरू होते:

माय वावरमा गयी
डोयामा सकाय लिसन

आई शेतात गेली, डोळ्यांत सकाळ घेऊन. पण ताईंच्या घरच्या बोलीत 'सकाय' म्हणजे सकाळही आणि उद्याही. पहाटे वेचणीला निघालेल्या बाईच्या डोळ्यांत कोवळं ऊन आहे आणि उद्याचा घोरही आहे. दोन्ही एका शब्दात आलंय आणि त्यासाठी लिहिणारीनं काहीही ओढाताण केलेली नाही. पुढं वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला कशी टोचतात ते येतं. संध्याकाळी कापूस वजनकाट्यावर चढतो तेव्हा सगळ्या बाया काट्याकडं बघतात, आई स्वतःच्या बोटांकडं बघते. तिथं कविता थांबते.

हे मी नोव्हेंबरात वाचलं. जूनमध्ये वाचायला हवं होतं.

मधले पाच महिने

आमची पद्धत कागदावर चांगली होती. तिघांनी वेगवेगळं वाचायचं, प्रत्येक कवितेपुढं अ, ब किंवा क लिहायचं, दोन महिन्यांतून एकदा बसून ठरवायचं. पण फाईल मिळाल्याचं कवीला कोण कळवणार, निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. जुलैत ताईंचा फोन आला. "सर, फाईल मिळाली ना?" "मिळाली ताई, वाचतोय," असं मी म्हणालो. ते खरं नव्हतं. सप्टेंबरात पुन्हा फोन. मी पुन्हा तेच म्हणालो. दिवाळीत त्यांनी शुभेच्छांचा मेसेज केला, पुस्तकाचं काही विचारलं नाही. एखादा माणूस विचारायचं थांबतो तेव्हा त्यानं आशा सोडलेली असते, एवढं मला कळायला हवं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी बसस्टँडवरून फोन केला. मागं गाड्यांचा आवाज होता. "सर, माझी फाईल परत पाठवून द्या. दुसरीकडं जमलंय."

दुसरीकडं म्हणजे पैसे घेऊन पुस्तकं काढणाऱ्या एका ठिकाणी. त्यांनी दोन दिवसांत होकार कळवला होता. १३२च्या १३२ कविता पसंत. ५०० प्रती, त्यातल्या १०० ताईंना, खर्च ४५ हजार. पतसंस्थेतली ठेव मोडायची त्यांची तयारी होती. मी अडवणारा कोण होतो? पाच महिने मी एक ओळही कळवली नव्हती. तरी विचारलं, "ताई, करार आलाय का? सही करण्याआधी मला फोटो पाठवता का?"

फोटो आला. त्यासोबत त्या छापणाऱ्यांनी तयार केलेली अनुक्रमणिकाही आली. त्या रात्री मी फाईल पहिल्यांदा सलग वाचली आणि एक गोष्ट दिसली. पान ४७ वरची पावसाची कविता ७१ वर पुन्हा होती. शीर्षक बदललेलं, आतल्या ओळी त्याच. झेरॉक्स करताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती आत गेल्या होत्या. म्हणजे कविता १३२ नव्हत्याच, १३१ होत्या. आणि 'पसंत' झालेल्या अनुक्रमणिकेत दोन्ही शीर्षकं दिमाखात उभी होती.

सकाळी ताईंना एवढंच विचारलं, "ही कविता त्यांनी दोनदा घेतलीय, तुमच्या लक्षात आलं का?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे कुणीच वाचलं नाही."

त्या 'कुणीच'मध्ये आम्हीही होतो. स्वतःच्या कमाईतून कुणी पुस्तक काढलं तर त्यात कमीपणा नाही. मराठीत कितीतरी चांगले संग्रह पदरमोड करून निघाले आहेत. पण छापणाऱ्यानं 'निवड झाली' असं म्हणावं आणि ती निवड झालेलीच नसावी, यात कवीचं जे नुकसान होतं ते ४५ हजारांत मोजता येत नाही. वीस वर्षं लिहिल्यावर माणूस पहिल्यांदा एका परक्या वाचकासमोर उभा राहतो. तो वाचकच तिथं नसतो.

करार

करारात एक वाक्य होतं: सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि या बाबतीत तो लेखकाच्या बाजूनं बराच स्पष्ट बोलतो. आपण लिहिलेल्या कवितेचे पहिले मालक आपणच, आणि हा हक्क कवीच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो; कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी हे त्यात लिहावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हक्क घेतलेल्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास, ते परत येतात. म्हणजे करार जिथं गप्प असेल तिथं कायदा कवीला सांभाळतो. पण 'कायमस्वरूपी' या शब्दाखाली आपण सही केली की मुदतीचा तो आधार आपल्याच हातानं काढून टाकलेला असतो.

खर्चाच्या कागदात 'आयएसबीएन शुल्क' म्हणून, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, तीन हजार लावले होते. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि तो विनामूल्य असतो. तिसरी गोष्ट ताईंना अजिबात ठाऊक नव्हती. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकासाठी. घाईनं काढलेला कुठलाही संग्रह 'पहिलं पुस्तक' होऊन बसतो आणि ते दार बंद होतं.

सही करायची की नाही हे मी सांगितलं नाही. त्यांनी केली नाही.

चार पानांचं पत्र

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना हातानं चार पानं लिहिली. आधी उशिराबद्दल माफी मागितली, मग एकोणीस कवितांबद्दल एकेक करून लिहिलं. शेवटी स्पष्ट कळवलं की आहे ही फाईल आम्ही छापणार नाही. या एकोणीस कवितांच्या भोवती पुस्तक उभं राहत असेल तर मात्र आम्हाला ते हवं आहे.

ताईंचा संतापून फोन आला. "एकोणीसच? बाकीच्या काय चुलीत घालू? मुख्याध्यापकांच्या निरोपाची कविता ऐकून सगळी शाळा रडली होती, सर." ते अगदी खरं असणार. ती कविता मी वाचली होती. त्या दिवशी, त्या अंगणात, त्या माणसासमोर तिनं आपलं काम पुरतं केलं होतं. पुस्तकात ती आली तर वाचणाऱ्याला ना ते सर माहीत, ना ते अंगण. मी हे सांगितलं, पण फोनवर पटण्यासारखं ते नव्हतं आणि पटलं नाही.

पटायला अमळनेर कामी आलं. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथं ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, १९५२नंतर पहिल्यांदाच. ताई एका दिवसासाठी आल्या होत्या. ग्रंथदालनात भेटल्या तेव्हा कवितेच्या टेबलापाशी उभ्या राहून एकेक संग्रह उघडून बघत होत्या. मला वाटलं कविता वाचताहेत. त्या अनुक्रमणिका मोजत होत्या. "सर, कुठल्याच पुस्तकात १३० कविता नाहीत हो," म्हणाल्या. पुढच्या रविवारी अमळनेरमार्गे एसटीनं त्या धुळ्याला आल्या, फाईल सुटी करून, रबर लावून.

त्या दिवसाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या प्रकरणातलं खरं काम तिथं झालं. माझ्या घरच्या पुढच्या खोलीत चटई टाकली आणि सगळी पानं मांडली. मी म्हटलं, तुम्ही मोठ्यानं वाचा, मी काही बोलणार नाही. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. आवाज खणखणीत, शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पंधरा-वीस कविता तशाच झाल्या. मग आईची पहिली कविता आली आणि आवाज उतरला. मोठा राहिला नाही, पण जवळ आला. चुलीपाशी बसून बोलतात तसा. माझ्या घरातून ताक आणून दिलं, त्यांचं लक्षही गेलं नाही. पुढं पुन्हा जयंतीची कविता लागली. दोन ओळी खणखणीत वाचून त्या थांबल्या, पान उलटं घातलं आणि म्हणाल्या, "हिचा आवाज वेगळा आहे."

त्यानंतर मला काहीच करावं लागलं नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्यांनी स्वतः ४१ कविता राखल्या. माझ्या एकोणीस त्यात होत्याच, पण मी ओलांडून गेलो होतो अशा बावीस त्यांनी शोधल्या. त्यातली एक शाळेच्या हजेरीपटावरची होती. ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या नावांपुढच्या रिकाम्या चौकटी, एवढाच विषय. ती मला दोनदा वाचूनही दिसली नव्हती. संपादकानं निवडलेलं पुस्तक आणि कवीनं स्वतः गाळून आणलेलं पुस्तक यांत हा फरक पडतो. म्हणून तेव्हापासून आम्ही कवीला पूर्ण फाईल मागत नाही. त्यानं स्वतः निवडलेल्या वीस कविता आणि दहा ओळींचं पत्र मागतो. एका पानावर एक कविता, युनिकोडमध्ये, पानांना क्रमांक. शुभेच्छा आणि प्रस्तावना नकोत.

पुढच्या सात-आठ महिन्यांत सतरा नव्या कविता आल्या. त्यातल्या काही त्यांनी आधी मासिकांना पाठवल्या. हा रस्ता मी प्रत्येकाला सांगतो. धुळ्याला तर त्याची मोठी परंपरा आहे. पुरुषोत्तम पाटील यांनी इथूनच १९८५ पासून 'कविता-रती' हे निव्वळ कवितेचं द्वैमासिक चालवलं. एका संपादकानं कविता परत केली की तिच्याकडं पुन्हा बघणं होतं. पुस्तकाआधी असं चार-सहा वेळा झालेलं बरं.

डोया की डोळा

ऑक्टोबर २०२४मध्ये ५८ कवितांची संहिता पक्की झाली. सगळ्यात अवघड भाग त्यानंतर सुरू झाला. अहिराणीत प्रमाण मराठीतला 'ळ' बहुधा 'य' होतो: डोळा म्हणजे डोया, जवळ म्हणजे जवय, शाळा म्हणजे शाया. आमच्या डीटीपी करणाऱ्या मुलानं चांगल्या मनानं, टायपिंगच्या चुका समजून, चाळीसेक ठिकाणी 'ळ' करून टाकला होता. वर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्हायनी'सारख्या शब्दांतला 'ऱ्ह' फुटला. तीन प्रुफं काढली. तिसरं ताईंनी फोनवर मला अक्षर अक्षर वाचून दाखवलं.

एका ठिकाणी मुलानं हात लावला नव्हता आणि घोटाळा तिथंच होता. ओळीत 'काया दोरा' होतं, म्हणजे काळा दोरा. 'काया' हा प्रमाण मराठीतही शब्द आहे, त्यामुळं पुण्या-कोल्हापूरचा वाचक तिथं शरीर वाचणार. मी म्हटलं, खाली टीप देऊ. ताई म्हणाल्या, "माझी आई टीपा देऊन बोलत नव्हती, सर."

यावर आमच्यात पंधरा दिवस वाद चालला. मला राहून राहून बहिणाबाई चौधरी आठवत होत्या. आसोद्याला जन्मलेल्या त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. तिच्या ओव्या घरच्यांनी ऐकून उतरवल्या आणि ती गेल्यानंतर, १९५२ साली, मुलगा सोपानदेव यांच्या खटपटीतून आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपानं आल्या. खानदेशची बोली कागदावर आली ती अशी कुणाच्या तरी हातातून. आता बोलणारीच लिहिणारी आहे, तर मधला हात जितका हलका राहील तितकं बरं, असं माझं मत झालं आणि मी टीपांचा हट्ट सोडला. शेवटी छपाईनंच तोड काढली. १६ पानांचा एक फॉर्म, असे पाच फॉर्म म्हणजे ८० पानं. त्यात शेवटचं एक पान कोरं राहत होतं. त्या पानावर ३१ शब्दांची यादी दिली. कवितांच्या पानांवर एकही खूण नाही. ज्याला अडेल तो मागं जाऊन बघेल.

पुस्तक

करार दोन पानांचा केला. फक्त छापील मराठी आवृत्तीचे हक्क, पाच वर्षांसाठी. ई-बुक, ध्वनी, अनुवाद सगळं ताईंकडं. विकलेल्या प्रतीमागं छापील किमतीच्या १० टक्के मानधन, २५ प्रती भेट. वर्षभरात पुस्तक आलं नाही तर करार आपोआप संपणार. ३०० प्रतींचा आमचा सगळा खर्च २२ हजारांच्या आसपास आला आणि प्रकाशनपूर्व सवलतीत १४० प्रती नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या साठ शिक्षकांनी घेतल्या.

प्रकाशन ३० एप्रिल २०२५ला, आखाजीच्या दिवशी, ताईंच्या माहेरी झालं. निंबाला झोके बांधलेले, बाया गाणी म्हणत होत्या. मंचावर कुणी पाहुणे नव्हते. ताईंनी 'माय वावरमा गयी' वाचली. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आईनं ती संपल्यावर मोठ्यानं विचारलं, "आते काटावर कितला भरना, ते नही सांगं?" काट्यावर कापूस किती भरला, ते नाही सांगितलंस? बाया हसल्या, आई हसली नाही. तिला खरंच तो आकडा हवा होता.

आमच्याकडं आता संहिता आली की आठ दिवसांत पोच जाते आणि नव्वद दिवसांत निर्णय. नकार असेल तर निदान तीन कवितांबद्दल काहीतरी ठोस लिहायचं, हे तिघांनी वाटून घेतलंय. वर्षाला एक पुस्तक कमी निघालं तरी चालेल, असं ठरवूनच हे सुरू केलं.

गेल्या महिन्यात ताईंचं नवं पाकीट आलं. बावीस पानं, वर एक पत्र, शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः वगळलेल्या चौदा कवितांची नावं आणि प्रत्येकीच्या पहिल्या दोन ओळी. आम्ही तिघांनी वाचून सहाव्या दिवशी फोन केला आणि त्या चौदांमधली नववी पूर्ण पाठवायला सांगितली.